उंबऱ्यातली हजेरी

मामांच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी तीन गोष्टी कराव्या लागत. चप्पल बाहेर काढायची, माठातलं तांब्याभर पाणी प्यायचं आणि गाव सांगायचं. पहिल्या दोन गोष्टींना कधी कुणाची हरकत नसे. तिसरीला माझी होती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. नांदेडातल्या त्या गल्लीत त्यांना सगळेच मामा म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असलेला गिरणीवालासुद्धा. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे मी लिहिलं नाही. आता इथे लिहून ते भरून निघेल असं मला वाटत नाही.

घर तीन खोल्यांचं, पत्र्याचं. मागची खोली म्हणजे स्टुडिओ. तिच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत वाकळी ठोकलेल्या होत्या, मामींनी आणि गल्लीतल्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. पत्र्याखाली भुश्शाची पोती बांधलेली. आणि दार बर्फाच्या कारखान्याचं. एक कारखाना बंद पडला तेव्हा मामांनी ते टेम्पोत घालून आणलं होतं. वीतभर जाड. ते लागलं की कानात बोटं घातल्यासारखं वाटे आणि स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येई.

त्या दारावर खडूने एक वेळापत्रक लिहिलेलं असे. ‘गिरणी, नऊ ते अकरा. नळ, एक दिवसाआड, साडेअकरा. शेजारचा मिक्सर, बारा. शाळा सुटणे, पाच.’ या सगळ्यांच्या मधल्या फटींत रेकॉर्डिंग व्हायचं. सगळ्यात खाली लिहिलेलं होतं, ‘शेळ्या, भरवसा नाही.’

मामा तरुणपणी लग्नाकार्यात भोंगे लावत. भोंग्यांवरून कॅसेटींवर आले. जयंतीच्या दिवसांत आमच्याकडे गावोगाव वाजणाऱ्या कितीतरी भीमगीतांच्या कॅसेटी त्यांनी याच खोलीत केल्या. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या. साठी ओलांडल्यावर मामा पुतण्याकडून कॉम्प्युटर शिकले. माउस त्यांना कधी नीट धरता आला नाही. ते तो दोन्ही हातांनी धरत, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा.

आम्ही तिघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. लातूरचा, मुदखेडचा आणि मी. कॉलेजात आम्ही एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारायचो. लातूरच्याचे वडील डॉक्टर. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती. मुदखेडच्याचे वडील रेल्वेत. तो ड्रम वाजवायचा. मला ते ‘नांदेड’ म्हणत, कारण पहिल्या दिवशी मी तेच सांगितलं होतं. माझं गाव कंधार तालुक्यात आहे. वडील सालगडी होते, आई दुसऱ्याच्या रानात जायची. पदवी हा शब्द आमच्या घरात माझ्यामुळे आला. मी गाणी लिहायचो आणि गायचो.

आमचं एक गाणं कॉलेजच्या कार्यक्रमात गाजलं होतं. ‘विनंती थांबा’. माझ्या गावच्या रस्त्यावर एसटीची तशी पाटी आहे. विनंती केली तर गाडी थांबेल असा तिचा अर्थ. विनंती आम्ही खूप केली आहे. गाडी थांबत नाही, आणि गाण्याच्या शेवटी मी ती पाटी ओरडून वाचतो, असं ते गाणं. ते नीट रेकॉर्ड करायचं तर पुण्याला जावं लागेल असं लातूरचा म्हणत होता. मुदखेडच्याला कुणीतरी मामांचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी मामांनी आम्हाला ओट्यावर बसवलं.

“या कलाकार. काय वाजवता?”

“रॉक,” लातूरचा म्हणाला.

“काय खाऊन आले?”

“भजे.”

“मग तासभर बसा. तेलकट गळ्यानं माइक खराब न्हाई होत, गाणं होतं.”

समोर आलेल्या प्रत्येकाला ते कलाकार म्हणत आणि अहो-जाहो करत. चहा आणणाऱ्यालाही. आमच्या अर्ध्या वयाच्या, शाळेच्या गॅदरिंगचं गाणं करायला आलेल्या पोरींनासुद्धा, “कलाकार, जरा दम खा, मग गा.” मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी अहो म्हणालं असेल तर ते मामा.

तास झाल्यावर लातूरच्याने गिटार लावली आणि पेडल दाबलं. खोलीत लोखंड कापल्यासारखा आवाज भरला. मामांनी घाईने प्लग उपटला.

“जळून राहिली न्हवं ही!”

“मामा, तसाच आवाज असतो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

मामांनी विचार केला. प्लग परत लावला. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. “असू द्या. पण जळतानाबी लाकूड कोणतं ते कळलं पाहिजे. हे समदं सारखंच जळतंय. थोडं कमी करा.” लातूरच्याने तोंड वाकडं करून पेडलचं बटण अर्ध्यावर आणलं. वाजवून पाहिलं, पुन्हा एकदा वाजवलं. त्या दिवसापासून त्याने ते बटण अर्ध्याच्या पुढे नेलं नाही.

आता हजेरीचं सांगतो.

मामांच्या कॉम्प्युटरला दोनच तारा लागत. एक गिटारला, एक आवाजाला. ड्रमसाठी जागा नव्हती. म्हणून ड्रम मधल्या खोलीत मांडायचे, मागच्या खोलीतलं गाणं ड्रमवाल्याला हेडफोनवर द्यायचं आणि ड्रम एका जुन्या, वेगळ्या यंत्रावर घ्यायचे, अशी त्यांची पद्धत. एकाच वेळी दोन खोल्यांत दोन यंत्रं चालत आणि नंतर दोन्ही फाइली एकमेकींशी जुळवाव्या लागत. सिनेमावाले त्यासाठी पाटी आपटतात, दुसरे कुणी टाळी वाजवतात. मामा हजेरी घ्यायचे. बर्फाचं दार उघडं ठेवून लाल बल्ब लावायचा. मग घरात जो कोणी असेल त्याने पाळीने नाव, आडनाव आणि गाव सांगून ‘हजर’ म्हणायचं. आधी मामा स्वतः. मग वाजवणारे, गाणारे, सोबत आलेले, चहावाला. सगळ्यात शेवटी मामी. त्या दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यात उभ्या राहत, म्हणजे त्यांचा आवाज दोन्ही यंत्रांत सारखा जाई. नाव सांगून त्या म्हणत, “गाव मुरुड. हजर.” आणि दार लावलं जाई. दोन्ही फाइलींत मामींचं ते ‘हजर’ एकाखाली एक आणलं की गाणं जुळे.

“लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून गाव मुरुडच सांगते,” मामा आम्हाला म्हणाले.

“मग? तुमच्या गावाला मी कामाला आले,” मामी म्हणाल्या. “जन्माला मुरुडात आले.”

“मामा, टाळी वाजवली तर सोपं न्हाई का?” मुदखेडच्याने विचारलं.

“टाळी कुणाचीबी असते.”

मग त्यांनी सांगितलं. कॅसेटीच्या काळात त्यांच्याकडे एक ढोलकीवाला यायचा. कॅसेटच्या कागदावर नाव फक्त गायकाचं छापलं जायचं. ढोलकीवाला वारला. वर्षभराने त्याची बायको लेकराला घेऊन आली आणि म्हणाली, ह्याच्या बापाचा हात कोणत्या गाण्यात हाय तेवढं सांगा. मामांनी शोधून चार गाणी लावली. म्हणाले, बाई, ही ढोलकी त्याचीच. ती ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणून मानते; मला काय कळतंय, ढोलकी समदी सारखीच.

“त्या दिवशी ठरवलं,” मामा म्हणाले. “जो खोलीत हाय त्याचं तोंड टेपवर पाहिजे. वाजवायचा पैसा वेगळा, हजेरी वेगळी.”

माझी पाळी आली तेव्हा मी फक्त पहिलं नाव सांगितलं आणि म्हणालो, “गाव नांदेड. हजर.”

मामांनी यंत्र बंद केलं. लाल बल्ब बंद केला.

“नांदेडात कुठं?”

“होस्टेलला.”

“होस्टेल गाव नसतं. गाणं कोणत्या थांब्याचं हाय तुमचं?”

मी सांगितलं.

“गाणं गावाचं अन् हजेरी नांदेडची? आणि आडनाव?”

इथे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली. आमचं आडनाव आणि गाव एकत्र ऐकलं की आमच्या भागात कुणालाही घर कळतं, गावातली कोणती बाजू तेही कळतं. चार वर्षं मी कॉलेजात पहिल्या नावावर आणि नांदेडवर काढली होती. कुणी काही त्रास दिला म्हणून नाही. कुणी द्यायच्या आधीच. मामाही आमच्यातलेच होते. त्यांच्या भिंतीवरचा फोटो मी आल्याआल्याच पाहिला होता. त्यांना सगळं कळलं होतं आणि तरीही ते मला सोडत नव्हते.

“परत,” मामा म्हणाले आणि बल्ब लावला.

मी पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. ‘हजर’ म्हणताना आवाज खाली गेला. मामा म्हणाले, “परत. गाण्यात ओरडता न्हवं, तसं.” तिसऱ्यांदा ते नीट आलं. उंबऱ्यातून मामी म्हणाल्या, “गाव मुरुड. हजर.” दार लागलं आणि आम्ही वाजवलं. त्या दिवशी जसं गायलो तसं मी पुन्हा कधी गायलो नाही.

परत येताना रिक्षात मी बाहेर पाहत होतो. लातूरचा म्हणाला, “तू काय गूढ ठेवून राहिला होतास बे? स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागते. मला पहिल्या वर्षापासून माहीत हाय.”

“मलाबी,” मुदखेडचा म्हणाला.

आम्ही हसलो. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पण ते सुटणं नांदेडपुरतंच होतं हे पुढे कळलं.

मामांचं मिक्सिंग बघण्यासारखं असे. ते स्पीकरसमोर बसतच नसत. गाणं बारीक आवाजात लावायचे आणि अंगणात बाजेवर खोलीकडे पाठ करून पडायचे. शेजारी मामी सुपात डाळ निवडत बसलेल्या. गाणं संपलं की मामा विचारत, “काय ऐकू आलं?”

आमचं गाणं पहिल्यांदा ऐकून मामी म्हणाल्या, “भांडण.”

“कोण जिंकलं?”

“तो बडवणारा.”

मामा उठले, ड्रम कमी केले, पुन्हा येऊन पडले. “आता?”

“आता ती करवत.”

गिटार कमी झाली. लातूरचा कळवळला, “मामा, रॉक आहे ते!” मामा म्हणाले, “करवत राहू द्या. पण पोरगं काय म्हणतंय ते बाईला कळलं पाहिजे.” असं सहा-सात वेळा झालं. शेवटी एकदा मामींचा हात सुपात थांबला. त्या म्हणाल्या, “एसटी थांबत न्हाई म्हणतंय. बरोबर हाय. आमच्या मावशीच्या गावालाबी न्हाई थांबत.”

मामा बाजेवरून उठले आणि म्हणाले, “झालं.”

शेवटी त्यांनी मला एका पेनड्राइव्हमध्ये सगळं दिलं. तयार गाणं आणि वेगवेगळ्या फाइलीही. देताना एकच म्हणाले, “गाणं ऐकवताना हजेरी न्हाई वाजवली तर चालतं. पण पुसू नका. ती गाण्याची मुळी हाय.”

पास झालो. मला पुण्यात नोकरी लागली. लातूरचा बेंगळुरूला गेला, मुदखेडचा रेल्वेच्या परीक्षा द्यायला लागला. पुण्यात ऑफिसातल्या एकाने आमचं गाणं ऐकलं आणि मराठी बँडची गाणी इंटरनेटवर काढणाऱ्या काही मंडळींशी गाठ घालून दिली. त्यांना गाणं आवडलं. त्यांची अट एवढीच होती की मिक्सिंग त्यांच्या स्टुडिओत, त्यांच्या साउंड इंजिनिअरकडून व्हायला हवं. सुट्या फाइली आणा, म्हणाले. आम्हा तिघांना आयुष्यात अशी संधी दुसऱ्यांदा येणार नव्हती. आलीही नाही.

फाइली देण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या खोलीवर त्या ऐकायला बसलो. गाण्याच्या आधी हजेरी होती. मामांचं नाव, लातूरच्याचं, मुदखेडच्याचं. मग माझं, आडनावासकट, गावासकट, छाती फुगवून. मी त्या पुण्यातल्या स्टुडिओची कल्पना केली. काचेची खोली, मोठे स्पीकर, खुर्च्यांवर बसलेले लोक, आणि त्यात हा आवाज. कुणी काही बोललं नसतं. कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मी ते कापलं. प्रत्येक फाइल उघडली, गाणं सुरू होण्याच्या जरा आधीपर्यंतचं सगळं निवडलं आणि पुसलं. वर त्याच नावाने सेव्ह केलं. दुसरी प्रत ठेवली नाही. उलट प्रत राहू नये असंच मला वाटत होतं.

मी इंजिनिअर होतो. दोन फाइली कशावर जुळतात हे मामांनी मला समजावून सांगितलं होतं. तरी त्या वेळी ते माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त माझं आडनाव दिसत होतं. त्याच्यामागे उंबऱ्यात उभ्या असलेल्या मामी दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या इंजिनिअरने फाइली लावल्या आणि ड्रम एकीकडे, गाणं एकीकडे. प्रत्येक फाइल मी वेगळ्या ठिकाणी कापली होती. त्याने तासभर सरकवून पाहिलं.

“अंदाजाने बसवतो,” तो म्हणाला, “पण तुमचा ड्रमर मुद्दाम मागे ओढतोय की मी चुकतोय, तेच कळत नाहीये. सुरुवातीला काहीतरी खूण असेल ना? टाळी वगैरे?”

“होती,” मी म्हणालो.

“मग मूळ फाइल्स मागवा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर यावेळी दुसरं गाणं घेऊ.”

मी मामांना फोन केला. “मामा, फाइली खराब झाल्या.”

“कुठून?”

“सुरुवातीपासून.”

“दोन्ही यंत्रांच्या?”

“हो.”

“फक्त सुरुवात?”

“हो मामा.”

फोनवर शेजारची गिरणी ऐकू येत होती.  मग मामा म्हणाले, “बरं.”

इंटरनेटवरून पाठवतील असं मला वाटलं होतं. शुक्रवारी सकाळी ते स्वतः पुण्याला आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क आणि मामींनी दिलेले धपाटे. स्टुडिओच्या काचेच्या दाराबाहेर त्यांनी चप्पल काढली. कुणी काढत नव्हतं. मी म्हणालो, “मामा, इथे चालते चप्पल.” ते म्हणाले, “असू द्या.” आणि आत जाऊन पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे भिंतीवर बोटाची टिचकी मारून कान लावला. त्यांचा चेहरा खुलला. “लई चांगली खोली हाय,” ते मला हळूच म्हणाले.

इंजिनिअर बाहेर आला. माझ्याच वयाचा, सभ्य मुलगा होता. त्याने मामांकडे पाहिलं, त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे?”

मला सांगता आलं असतं. हे आमचे मामा, यांनीच रेकॉर्ड केलं आहे. एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो,

“हे फाइली घेऊन आलेत. नांदेडहून.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून डिस्क काढली, टॉवेल उलगडला आणि ती दोन्ही हातांनी त्या मुलाच्या हातात दिली.

“हाव,” ते म्हणाले. “फाइली आणल्या.”

“थँक यू काका. तुम्ही बसा ना बाहेर सोफ्यावर. पाणी आहे तिथे.”

मामा सोफ्यावर बसले. मी आत गेलो. इंजिनिअरने फाइली लावल्या आणि त्या मोठ्या स्पीकरमधून हजेरी सुरू झाली. मामांचं नाव. लातूर. मुदखेड. माझं पूर्ण नाव, माझं गाव. मी मान खाली घालून बसलो होतो. मग, “गाव मुरुड. हजर.” त्याने दोन्ही फाइलींत ते ‘हजर’ एकाखाली एक आणलं. दाबलं. ड्रम आणि गाणं एकत्र सुरू झालं, जसं त्या दिवशी झालं होतं.

“भारी आयडिया आहे ही!” तो खुर्चीत सरळ बसला. “आणि ड्रमचा साउंड बघ. खोली कुठली आहे? केलंय कुणी हे?”

“घरीच केलं,” मी म्हणालो.

काचेपलीकडे मामा दिसत होते. ती काच जाड होती. त्यांना काही ऐकू गेलं नसणार. ते पाठ करून बसले होते. अंगणात बाजेवर गाणं ऐकताना पाठ करत तसे.

काम संपल्यावर इंजिनिअर डिस्क परत द्यायला बाहेर आला. मामा उठले आणि म्हणाले, “साहेब, जुळलं का?”

“एकदम.”

“मग सुरुवातीची हजेरी तुम्ही कापून टाका. पोरांना न्हाई आवडत ती.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. रिक्षात ते पुण्यातल्या सिग्नलबद्दल बोलत होते. धपाट्यांची पुडी त्यांनी मला दिली. “मामीनं तुमच्यासाठी केलेत. दोन दिवस राहतेत.” गाडी सुटेपर्यंत मी माफी मागायची ठरवत होतो. गाडी सुटली.

गाणं निघालं. चाललं, बऱ्यापैकी. निघण्याआधी त्या मंडळींनी मला एक फॉर्म पाठवला होता. गीत, संगीत, गिटार, ड्रम, मिक्सिंग, असे रकाने होते. एक रकाना होता, ध्वनिमुद्रण. त्यासमोर मी आमच्या बँडचं नाव लिहिलं. हे कुणी माझ्याकडून लिहून घेतलं नाही.

मुदखेडच्याचा फोन आला. “अबे, मामाचं नाव कुठं हाय?”

“पुणेवाल्यांनी टाकलं नाही,” मी म्हणालो.  नंतर त्याचे फोन कमी झाले. गाणं गाजल्यावर एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं. तिथे मी छोट्या गावांच्या अस्मितेवर दहा मिनिटं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी कुणाचीबी असते.

मामांना ते गाणं पोचलं होतं. आईने सांगितलं. दवाखान्याच्या कामाने ती नांदेडला गेली होती तेव्हा तिथे तिचं आडनाव आणि गाव पुकारलेलं ऐकून मामी तिला ओळख सांगून भेटल्या आणि म्हणाल्या, तुमच्या पोराचं गाणं आमच्या गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर असतं. आईला वाटलं ही फार चांगली माणसं आहेत. तिने मला विचारलं, “तू जातोस का रं त्यांच्याकडं?” मी म्हणालो, जातो.

मी दोन वर्षांनी गेलो. मे महिन्यात गावाकडे आलो होतो, तेव्हा नांदेडला उतरून सरळ त्यांच्या घरी गेलो. रिक्षात मी वाक्यं पाठ करत होतो. ओट्यावर चपलांचे चार-पाच जोड होते. आत रेकॉर्डिंग होतं. कॉलेजची नवी पोरं, मधल्या खोलीत ड्रम मांडलेले. दारावरच्या वेळापत्रकात थोडा बदल झाला होता. गिरणीची ओळ पुसलेली होती. गिरणी बंद पडली असावी. शेळ्या तशाच होत्या.

“या, या,” मामा म्हणाले. थकले होते, पण आवाज तोच. “बसा. पाणी प्या.”

मी चप्पल काढली होतीच. तांब्याभर पाणी प्यालो. पोरांनी मला ओळखलं. एकजण म्हणाला, “सर, तुमचं गाणं ऐकूनच आम्ही बँड काढला.” मामा हसले. “हाव, मोठे कलाकार हायेत,” असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी थांबलो. ते फक्त म्हणाले, “चला, वेळ चालली. मिक्सर सुरू व्हायच्या आत.”

मी विचारलं, “मामा, मी बाहेर थांबू?”

“कशाला? बसा की.”

मला आनंद झाला. खोलीत आहे म्हणजे हजेरी द्यावी लागणार. रिक्षातली वाक्यं सोडून दिली. मनात म्हटलं, हेच बरं. पूर्ण नाव, गाव, न विचारता, एकदाच, नीट. मामांना कळेल.

त्यांनी लाल बल्ब लावला. मामांनी स्वतःचं नाव सांगितलं. पोरांनी सांगितली. एक उमरीचा होता, एक देगलूरचा. ड्रमवाला मधल्या खोलीतून ओरडला, मुखेड, हजर. मग मी. मी घसा साफ केला, श्वास घेतला.

मामांनी हात जरासा वर केला, मला थांबवायला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तापात झोपलेल्या पोराला कुणी उगाच उठवू नये म्हणून करतात तसा हात होता तो. आणि माझ्या वतीने ते स्वतःच माइकमध्ये म्हणाले,

“एक पाहुणे. गाव पुणे. हजर.”

लाल बल्ब चालू असताना पाळी सोडून कुणी बोलायचं नाही, असा तिथला नियम आहे. माझी पाळी झाली होती. मी तोंड मिटलं.

उंबऱ्यातून मामींनी नाव सांगितलं. “गाव मुरुड. हजर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.